चोवीस आणि आठ

४ नोव्हेंबर, मंगळवार

चोवीस आणि आठ!

तीनदा वाचलं. चष्मा पुसून वाचलं. फाटकाजवळच्या खांबावरचं वीज कंपनीचं मीटर कालपासून चोवीसने पुढे गेलं, आणि आतल्या पॅनेलमधलं आपलं मीटर फक्त आठने. दोन्ही आकड्यांना वीसने गुणायचं. म्हणजे फाटकातून आत आले चारशे ऐंशी युनिट आणि बर्फ कारखान्याने वापरले एकशे साठ. मधले तीनशे वीस? चाळीस फूट केबलने खाल्ले?

सप्टेंबरपर्यंत दोन्ही मीटर बैलजोडीसारखी चालत होती. अर्ध्या आकड्याचा फरक, तो चालायचाच. ऑक्टोबरात दसरा, दिवाळी, मधे माझा डेंग्यू. कोणी पाहिलंच नाही. मी अंथरुणात पडले आणि कोणीतरी संधी साधली.

आतलं मीटर बसवा म्हणून गेल्या वर्षी मीच हट्ट धरला होता. तेव्हा आपल्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष तुलारामजी सगळ्यांसमोर हसले होते, म्हणे सचिवबाई पहारेकऱ्यावर पहारेकरी ठेवते. आता हसा!

५ नोव्हेंबर, बुधवार

आजही चोवीस आणि आठ. कोणाला सांगितलं नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

या मीटरने मला आधी एकदा तोंडघशी पाडलंय, म्हणून यावेळी सबुरीने घेते आहे.

सचिव झाले त्या पहिल्याच महिन्यात मी कंपनीला अर्ज करायला निघाले होते, की तुमचं मीटर मेलं आहे. अख्खा कारखाना चालतो, कॉम्प्रेसर धडधडतो, दोनशे डब्यांत बर्फ जमतो, आणि मीटर दिवसाला चोवीसच पुढे सरकतं? मास्तरांनी (नवरा माझा; घरात चंद्रकुमार म्हणून हाक मारते, चिडले की मास्तर) कपाळावर हात मारला. मग समजावलं. आपल्या केबलमधून साठ-सत्तर अँपिअर जातात. एवढा करंट सरळ मीटरमधून नेला तर मीटरचा कोळसा होईल. म्हणून तिन्ही तारांवर एकेक कडी बसवतात, सीटी म्हणतात तिला. तारेतून शंभर गेले की कडीतून पाचच निघतात. मीटर फक्त ते पाच बघतं. म्हणून त्याच्या आकड्याला वीसने गुणायचं. मास्तर म्हणाले, शितावरून भाताची परीक्षा करतात ना, हे तसंच. फक्त इथे शितं मोजून हांडा किती भरला ते सांगायचं.

तेव्हा पटलं. अजूनही पटतं. पण शीतच कोणी काढून घेत असेल तर?

आज केबल कुठून जाते ते चालत पाहिलं. खांबावरून खाली, भिंतीला लागून, ऑपरेटरच्या खोलीच्या मागून, आणि मग शेडमध्ये. ऑपरेटरची खोली! म्हणजे बुधरामभाऊंची. अकरा वर्षं तिथेच राहतात. आणि त्या खोलीपुढे त्यांच्या मुलाची, हेमराजची, ई-रिक्षा उभी असते. पवनी-अड्याळ फेऱ्या मारतो. त्याचं घर तिकडे गावठाणात आहे, मग रिक्षा इथे कशाला?

नंतर पॅनेल उघडलं. तीन काळ्या कड्या, प्रत्येकीतून दोन बारीक वायरी निघून मीटरकडे जातात. वाटलं, एखादी मुकी झाली असेल, एकेकीची वायर सोडून पाहू. स्क्रूला पेचकस लावला तोच बुधरामभाऊंनी माझं मनगट धरलं. अकरा वर्षांत या माणसाने माझ्या सावलीवर पाय दिलेला नाही!

“हात नका लावू बाई. गाडी चालू असताना ते खुलं नाई करत.”

गाडी म्हणजे त्यांचा कॉम्प्रेसर. मी विचारलं, काहून? म्हणाले, जुन्या वायरमननं सांगून ठेवलं होतं. मनगट सोडलं, दोन पावलं मागे झाले, पण पॅनेलपुढून हलले नाहीत. कर नाही त्याला डर कशाला? एवढे कशाला घाबरले?

८ नोव्हेंबर, शनिवार

खोलीमागे केबलवर एका जागी काळी पट्टी गुंडाळलेली आहे. जुनी की नवी ते कळत नाही. मला नवी वाटते.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज न राहवून मास्तरांना सांगितलं. त्यांनी जेवता जेवता हिशेब केला. ई-रिक्षा एकदा भरायला सात-आठ युनिट लागतात. तीनशे वीस युनिट म्हणजे दिवसाला चाळीस रिक्षा!

“मग चाळीस रिक्षांचा धंदा असेल,” मी म्हटलं.

मास्तर म्हणाले, तुला दुधात पाणी दिसत नाही तेव्हा तू दुधावर संशय घेतेस. मग भात वाढून घेतला. या माणसाला कसलाच संशय येत नाही. म्हणून तर शाळेतले खडूसुद्धा लोक नेतात.

तुलारामजींकडे गेले. आकडे दाखवले. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. हे मला खटकलं. यांनाही आधीच ठाऊक होतं का? म्हणाले, जपून बोला, हे घरादारावर जाईल. खरं आहे ते. आपल्या संस्थेत आजा-पणजांपासून रीत आहे. चोरी ठरली तर त्या अख्ख्या घराचं जाळं बंद, म्हणजे मासेमारीच बंद. तलावातही नाही, गोसीखुर्द धरणाच्या बुडितातही नाही. घरातल्या एकाने पुढे येऊन कबूल केलं तर मात्र तेवढ्याच माणसाचं बंद, बाकीचे वाचतात.

मी म्हटलं, रीत सगळ्यांना सारखी.

बोलताना बरं वाटलं. लिहिताना तेवढं वाटत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कार्यकारिणी झाली. मी आकडे फळ्यावर लिहिले. वरती चोवीस, खाली आठ. सगळे फळ्याकडे बघत होते आणि मग सगळे बुधरामभाऊंकडे बघायला लागले. मी नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजच पडली नाही.

त्यांना विचारलं तर म्हणाले, मले मीटरचं समजत नाई जी, मी गाडी चालवतो, बर्फ काढतो. कोणीतरी मागून म्हणालं, समजत नाही तर त्या दिवशी बाईचा हात कायले धरला? ही गोष्ट मी फक्त तुलारामजींना सांगितली होती.

चौकशी होईपर्यंत त्यांनी कामावर यायचं नाही, असं ठरलं. उठताना ते दारात थांबले. माझ्याकडे बघून नाही, फळ्याकडे बघून म्हणाले:

“गाव त धरणात गेलं. आता पाणीही काढून घेता काय?”

मी सभेचं इतिवृत्त लिहीत होते. म्हणजे लिहिल्यासारखं करत होते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दोन दिवस झाले, बुधरामभाऊ कारखान्यात नाहीत. मोहाडीचा एक ऑपरेटर आणला आहे. तरी आज चोवीस आणि आठ!

म्हणजे बुधरामभाऊ नाहीत? की ते नसतानाही चालू आहे म्हणजे हेमराज? केबल खोलीमागून जाते, आणि खोली अजून त्यांच्याच ताब्यात आहे. मास्तर म्हणाले, चोर गेला तरी चोरी तशीच, युनिटचाही फरक नाही, रोज अगदी तेवढीच, ही कसली चोरी? रविवारी सुट्टी घेत नाही, आजारी पडत नाही. मी म्हटलं, सराईत असेल.

कंपनीला मीटर तपासणीचा अर्ज दे म्हणाले. दिला. माझाच संशय पक्का व्हावा म्हणून दिला, हे इथे लिहून ठेवते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

बुधरामभाऊंनी कबूल केलं!

सकाळी तुलारामजींसोबत ऑफिसात आले. धुतलेला सदरा. मी विचारायच्या आत म्हणाले, लिहा बाई. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं: कारखान्याचा करंट मी एकट्याने चोरला, घरच्या कोणाला माहीत नव्हतं, माझी सभासदी रद्द करावी, मुलाची आणि सुनेची चालू ठेवावी. मी विचारलं, करंट कसा चोरला, कुठे नेला? म्हणाले, ते कायले पाहिजे? चोरला म्हणतो ना. मी पुन्हा विचारलं. तुलारामजी म्हणाले, बाई, आता ताणू नका. बुधरामभाऊंनी सही केली. त्यांना सही येते हे मला माहीत नव्हतं. प्रत्येक अक्षर सुटं सुटं, बारीक कोरल्यासारखं.

मी जिंकले. दोन आठवडे जे म्हणत होते ते खरं निघालं. मग घरी आल्यावर भाजीत मीठ दोनदा कसं पडलं?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

चोवीस आणि आठ. कबुलीनंतरही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आजच लिहिलं पाहिजे. उद्या मी हे वेगळं आठवायला लागेन. मी मला ओळखते.

कंपनीच्या चाचणी विभागाच्या रीता मॅडम आल्या. तिशीची मुलगी, डोक्यावर पिवळं हेल्मेट, बोलणं थोडं. खांबावरच्या पेटीची सीलं भिंगातून पाहिली, सोबत आणलेलं मीटर जोडलं, तासभर थांबल्या. म्हणाल्या, आमचं मीटर बरोबर आहे, तुम्ही खरंच चारशे ऐंशी युनिट वापरता. मग करंट मोजायचं मशीन घेऊन केबलच्या कडेने फिरल्या. खोलीमागे, पट्टीपाशी, शेडच्या तोंडाशी, पॅनेलमध्ये. सगळीकडे करंट सारखाच. मधे कुठेच गळती नाही, कुठेच फाटा नाही.

म्हणजे चोरी नाही? मी विचारलं.

चोरीचं तुम्ही बघा, त्या म्हणाल्या, पण तुमचं आतलं मीटर खोटं सांगतंय. खरं तर ते आमचं काम नाही, तरी बघते. मेन स्विच बंद करायला लावला, पॅनेल उघडलं, टॉर्च मारला. आणि हसल्या. मला बोलावून दाखवलं. कडीला दिशा असते. करंट एका ठराविक तोंडाने आत शिरला पाहिजे. दोन कड्या बरोबर आहेत, तिसरी उलटी बसवली आहे. दोघी पुढे ढकलतात आणि तिसरी मागे ओढते. एक अधिक एक, वजा एक. राहिला एक. तिघांच्या जागी एक, म्हणजे चोवीसच्या जागी आठ. इतकं साधं! त्या तिसऱ्या कडीतच चोर बसलेला होता आणि त्याचं नाव होतं वजाबाकी.

“पण उलटी केली कोणी?” त्यांनी विचारलं. “बाकी दोघींपेक्षा ही वेगळ्या कंपनीची आहे. हिची पाटी मागच्या बाजूला असते. कोणीतरी पाटी पुढे आणलीय.”

टॉर्चच्या उजेडात मला दिसलं. तिन्ही पाट्यांवर कुंकू. वाळलेलं, काळपट. तिसरीवरचं जरा जास्त.

दसऱ्याला यंत्रपूजा केली ती मी. सगळं बंद होतं. पॅनेल पुसून घेतलं, कॉम्प्रेसरला हार घातला, कड्यांना कुंकू लावायला गेले तर दोघींची पाटी समोर आणि उन्हाळ्यात बदललेली नवी तिसरी पाठमोरी. मी बुधरामभाऊंना म्हटलं, हिला फिरवा, पाठमोऱ्या देवाला कुंकू लावतात का? ते म्हणाले, राहू द्या ना बाई, बसवणाऱ्यानं तशीच बसवली होती. मी म्हटलं, फिरवा. त्यांनी बोल्ट काढला आणि फिरवली. मी कुंकू लावलं, नमस्कार केला. वरून त्यांना म्हटलं, आता कशा तिघी बहिणी एका तोंडाने बसल्या!

आणि हे सगळं मी विसरले. डेंग्यूने नाही. विसरण्यासारखं होतं म्हणून विसरले. माझी चूक मला कधी आठवतच नाही.

रीता मॅडमनी पुन्हा विचारलं, कोणी फिरवली?

मी म्हटलं, माहीत नाही.

माहीत नाही म्हटलं मी! त्यांनी कागदावर तसंच लिहिलं. कडी सरळ करून दिली. जाताना सहज विचारलं, तुम्ही यातल्या वायरी सोडून पाहिल्या नाहीत ना? चालू लोडवर कडीची वायर सोडली की तिच्यात हजाराच्या घरात व्होल्ट उठतात. पॅनेल पेटतं, माणूस जातो. मी म्हटलं, नाही, एकाने थांबवलं.

शहाणा माणूस आहे, त्या म्हणाल्या.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

चोवीस आणि चोवीस.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी मास्तरांना सांगितलं. सगळं, ‘माहीत नाही’ सकट. ते म्हणाले, चहा घे आणि नीघ. सोबत येतो म्हणाले नाहीत, ते बरं झालं.

आधी तुलारामजी. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला. मी म्हटलं, संन्याशाला सुळी दिली आपण, चोर नव्हताच. त्यांचा हात खिशाकडे गेला आणि परत आला. काय लपवतात हे? माझा स्वभाव जाणार नाही. या दिवशीसुद्धा मी त्यांच्या खिशाकडे बघत होते.

मग खोलीवर. बुधरामभाऊ ओसरीत जाळं विणत बसले होते. सभासदी गेलेला माणूस जाळं विणतो आहे! मी उभ्यानेच सांगितलं. कडी, कुंकू, दसरा. चूक माझी, तुम्ही तर नको म्हणत होता. वाटलं होतं, ओरडतील. ओरडावं असंच वाटत होतं मला.

त्यांनी एवढंच विचारलं:

“म्हणजे कोणीच नाई चोरला?”

“कोणीच नाही.”

“हेमराजनंही नाई?”

मी म्हटलं, बुधरामभाऊ, चोरी झालीच नाही. तरी त्यांनी पुन्हा विचारलं, अगदी तेच. मग हातातली सुई जाळ्यात खोवली, चपला घातल्या आणि माझ्याशी न बोलता गावठाणाच्या रस्त्याने निघाले. चालत नव्हते, जवळजवळ धावत होते. साठीचा माणूस.

मी तिथेच उभी राहिले. चोरी केली नाही तर कबूल का केलं, हे मला विचारायचंच राहिलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

तुलारामजी घरी आले. खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. बुधरामभाऊंनी फाडायला सांगितला होता म्हणे, यांच्याने फाडवला नाही.

हेमराजचं अक्षर. तारीख चौदा नोव्हेंबर, बुधरामभाऊंच्या कबुलीच्या तीन दिवस आधीची. ‘कारखान्याचा करंट मी चोरला. माझ्या बाबाचा यात काही संबंध नाही. त्यांचं जाळं बंद करू नये, त्यांना दुसरं काही येत नाही.’

पोराला वाटलं, बापाने चोरला. त्याने आपल्या अंगावर घेतला. तुलारामजींनी तो कागद सोळा तारखेला बापाला वाचून दाखवला, तर बापाला वाटलं, पोरानेच चोरला, आणि त्याने तो परत आपल्या अंगावर घेतला. दोघे एकमेकांना काही विचारायला गेले नाहीत. आठवडाभर बोलतही नव्हते.

झालीच नाही त्या चोरीच्या दोन कबुल्या आता माझ्यापुढे आहेत. तिसरी लिहायला घेते. ती सभेत मीच वाचेन.